लाखोळी: घरच्या ताटात किती, गोठ्यात किती

धान कापणीला दहा-पंधरा दिवस उरले आणि बांधीतले पाणी जिरून पायाला नुसता ओलावा लागू लागला, की भंडारा जिल्ह्यातले शेतकरी उभ्या धानात लाखोळीचे बी फेकतात. कुणी तिला लाख म्हणतो, कुणी लाखोरी. नांगरट नाही, ओलित नाही, खताचा वेगळा हप्ता नाही. धान कापून नेल्यावर शिल्लक ओलीवर पीक वाढते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात डाळ व गोठ्यात कुटार येते. वरठी-मोहाडीकडच्या भारी कन्हार जमिनीत धानानंतर मशागतीला वाफसा मिळता मिळत नाही. तिथे या उतेऱ्याला आजही फारसा पर्याय नाही. ओल जास्त झाली तर हरभरा मरतो, लाखोळी तगते. पुढे पाऊस आला नाही तरीही तगते.

असे असूनही या पिकाविषयी बोलताना लोकांचा आवाज थोडा खाली येतो. वरठीतल्या एका बैठकीत एका वयस्क शेतकऱ्याने विचारले होते, "साहेब, लाखोरी खावी का नाही, एकदाचं सांगून टाका. सरकारनं बंदी घातली, मग उठवली. डॉक्टर म्हणते लंगडे व्हाल. माझा बाप जन्मभर खात आला, त्याले काही झालं नाही. बैल तर रोज खाते."

मी तेव्हा सांगितले, कमी विषाचा सुधारित वाण पेरा आणि निर्धास्त खा. पुढची काही वर्षे मी हेच उत्तर देत राहिलो. ते उत्तर अर्धेच होते. वाण महत्त्वाचा आहेच, पण रोज किती खाल्ली, कशाबरोबर खाल्ली, कशी शिजवली आणि दरवर्षी घरचे बी ठेवताना काय केले, यावर उरलेले अर्धे उत्तर अवलंबून आहे. वैद्यक, पशुआहार आणि अनुवंशशास्त्र या तिन्ही शाखांतल्या संशोधनातून ते हळूहळू उलगडत गेले आहे.

आजार कोणता आणि तो कुणाला झाला

लाखोळीचे शास्त्रीय नाव लॅथायरस सॅटिव्हस. त्यावरून आजाराला लॅथिरिझम हे नाव १८७३ मध्ये इटलीतील वैद्य कांतानी यांनी दिले. आपल्याकडे आयुर्वेदाच्या ग्रंथांत तो 'कलायखंज' म्हणून आलेला आहे. सुरुवात पोटऱ्यांत गोळे येणे, सकाळी उठताना पाय ताठर वाटणे, कंबर जड होणे यांनी होते. पुढे गुडघे वाकतात, टाचा टेकत नाहीत, चालताना पाय एकमेकांवर कात्रीसारखे येतात. बुद्धी शाबूत राहते, स्पर्श कळतो, लघवी-शौचावरचा ताबाही सहसा जात नाही. जातात ते पाय, आणि एकदा गेलेले बळ परत येत नाही. रुग्णांमध्ये अंगमेहनत करणारे तरुण पुरुष जास्त असतात.

इंग्रज अधिकारी स्लीमन यांनी १८४४ मध्ये छापलेल्या पुस्तकात सागर भागातल्या एका गावाची हकीकत दिली आहे. १८२९ मध्ये गारपिटीने गहू गेला, पुढच्या वर्षी पाऊस वेळेवर झाला नाही, त्याच्या पुढच्या वर्षी गव्हावर रोग पडला. तिन्ही वर्षे शेतात उभी राहिली ती लाखोळी. लोकांनी तीच खाल्ली, आणि १८३३ मध्ये तरण्या माणसांचे कमरेखालचे अंग लुळे पडू लागले. मध्य प्रदेशातल्या रीवा भागात विसाव्या शतकातही वेठबिगार मजुरांना मजुरी म्हणून लाखोळीच मोजून दिली जाई, आणि या आजाराची मोठी नोंद तिथलीच आहे. दुसऱ्या महायुद्धात वाप्नियार्का येथील छळछावणीत ज्यू कैद्यांना घोड्यांसाठी साठवलेली लाखोळी रोज ४०० ग्रॅमच्या आसपास दिली गेली. जानेवारी १९४३ पर्यंत शेकडो कैद्यांचे पाय गेले. कैद्यांतच असलेले डॉ. आर्थर केसलर यांनी आजार ओळखला.

या तिन्ही ठिकाणी माणसांनी वरणात चिमूटभर लाख खाल्ली नव्हती. दुसरे काही नव्हते म्हणून तीच भाकर, तीच डाळ, तीच न्याहारी होती. वैद्यकीय लिखाणात साधारण नियम असा दिला जातो की रोजच्या एकूण उष्मांकांपैकी तिसरा हिस्सा किंवा अधिक लाखोळीतून येत असेल आणि हे दोन-तीन महिने चालले, तर धोका उभा राहतो. प्रश्न विचारणाऱ्या त्या शेतकऱ्याच्या वडिलांनी जन्मभर लाखोळी खाल्ली हे खरे असेल. ती त्यांनी भातावर वरण म्हणून खाल्ली, भाताच्या जागी नाही.

विष सापडले ते कोंबडीच्या पिल्लांमुळे

लाखोळीतले नेमके काय पाय घालवते, हे कळायला खूप वेळ लागला. उंदरांना लाखोळी चारून पाहिली तर त्यांना पक्षाघात होईना. उलट स्वीट पी या शोभेच्या वेलीच्या बिया चारल्या तर उंदरांची हाडे वाकडी झाली. ती वेल याच कुळातली असली तरी प्रजाती वेगळी आणि तिच्यातले द्रव्यही वेगळे, पण दोन्ही आजारांना लॅथिरिझम हेच नाव पडले आणि संशोधन बराच काळ आडवाटेला गेले.

१९६४ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा आणि पी. एस. शर्मा यांनी लाखोळीच्या दाण्यातून एक अमिनो आम्ल वेगळे केले. त्याचे लांबलचक रासायनिक नाव बाजूला ठेवून सगळे त्याला ओडॅप म्हणतात. परीक्षा घेतली ती कोंबडीच्या कोवळ्या पिल्लांवर. टोचल्यावर पिल्लांच्या माना वळल्या, झटके आले. मोठ्या कोंबड्यांना तसे होत नव्हते, कारण रक्तातून मेंदूत जाणारे द्रव्य अडवणारी भिंत पिल्लांमध्ये पुरती तयार झालेली नसते. मज्जापेशींना उत्तेजित करणारे ग्लुटामेट नावाचे द्रव्य शरीरात असते. ओडॅप त्याची नक्कल करते, पेशीला गरजेपेक्षा जास्त उत्तेजित ठेवते आणि तिची ऊर्जा तयार करणारी यंत्रणा बिघडवते. ज्यांच्या आहारात गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी, त्यांची पेशी हा मार कमी सोसते. लाखोळीच्या दाण्यात प्रथिने २६ ते ३० टक्के असतात, म्हणजे हरभऱ्यापेक्षा जास्तच, पण मेथिओनिन आणि सिस्टीन ही गंधकयुक्त अमिनो आम्ले तिच्यात फार थोडी. म्हणून नुसती लाखोळी खाणाऱ्याला विषही जास्त मिळते आणि त्याच्याशी झुंजायला लागणारी सामग्रीही मिळत नाही.

इथिओपियात १९९५ ते १९९९ या काळात मोठी साथ आली. तिथे गेताहून, बेल्जियममधील गेंट विद्यापीठाचे लांबें आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन कोण काय खात होते याचा शोध घेतला. ज्या घरांत लाखोळीत तृणधान्य मिसळले जात होते, तिथे आजार कमी होता. कांदा, लसूण, आले घातलेल्या पातळ कालवणाच्या रूपाने खाणाऱ्यांनाही धोका कमी होता. धोका वाढला तो कच्चे हिरवे दाणे, भाजलेले दाणे आणि नुसते उकडलेले दाणे खाणाऱ्यांना. आपल्याकडे गुरांमागे जाणारी पोरे दिवसभर हिरव्या शेंगा सोलून खातात, त्यांच्या आईवडिलांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

हिशेब मांडून पाहू

स्थानिक लाखोळीत ओडॅपचे प्रमाण साधारण ०.२ ते १ टक्क्याच्या दरम्यान सापडते, सुधारित वाणांत ते ०.१ टक्क्याच्या खाली असते. समजा घरच्या जुन्या लाखोळीत ०.५ टक्के आहे. माणशी रोज ३०० ग्रॅम खाल्ली तर १,५०० मिलिग्रॅम ओडॅप पोटात जाते. वरणापुरती ३० ग्रॅम खाल्ली तर १५० मिलिग्रॅम. आता ०.०८ टक्क्यांचा सुधारित वाण घ्या. ३० ग्रॅमला २४ मिलिग्रॅम. पण तोच सुधारित वाण रोज ३०० ग्रॅम खाल्ला तर २४० मिलिग्रॅम, म्हणजे जुन्या लाखोळीच्या वाटीभर वरणापेक्षा जास्त.

माझे जुने उत्तर इथे चुकत होते. 'निर्धास्त खा' म्हटल्यावर माणूस प्रमाण विसरतो, आणि टंचाईच्या वर्षी तर त्याच्या हातात प्रमाण राहतच नाही. सुधारित वाणामुळे चुकीला जागा वाढते, चूक माफ होत नाही.

घरी वापरताना मी आता असे सांगतो. लाखोळी ही एक डाळ म्हणून खावी, तूर-मूग-हरभऱ्याबरोबर आलटून पालटून, आठवड्यातून दोन-तीनदा, आणि नेहमी भात किंवा पोळीबरोबर. लाखोळीच्या पिठाची नुसती भाकर करू नये. डाळ गरम पाण्यात दोन-तीन तास भिजवावी, ते पाणी फेकावे, मग भरपूर पाण्यात शिजवून तेही पाणी निथळावे आणि नव्या पाण्यात फोडणी द्यावी. ओडॅप पाण्यात विरघळते, त्यामुळे त्याचा मोठा भाग या दोन पाण्यांत निघून जातो. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतून डॉ. गोपालन आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्येच ही साधी रीत सुचवली होती. पाण्याबरोबर ब गटातली काही जीवनसत्त्वेही जातात, हे नुकसान पत्करायचे. कोवळ्या शेंड्यांची भाजी आपल्याकडे आवडीने करतात, तीही उकडून पाणी पिळूनच करावी, कारण कोवळ्या रोपात ओडॅप भरपूर असते. शेंडे सुकवून ठेवले तरी ते जात नाही.

या रीतीची अडचणही माहीत असू द्यावी. दोनदा पाणी बदलून शिजवायला पाणी हवे, सरपण हवे. ज्या वर्षी लाखोळी सर्वांत जास्त खाल्ली जाते त्याच वर्षी या दोन गोष्टी घरात नसतात.

आपल्या भागातली स्थिती सध्या बरी आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात पाहणी केली आणि ती २०१४ मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये छापली. विक्रीबंदी उठल्यानंतरही लाखोळीची पेर आणि खाणे घटले आहे आणि त्याबरोबर आजारही घटला आहे, असा तिचा निष्कर्ष. बंदी उठवली की गावोगाव लंगडे होतील ही भीती खरी ठरली नाही. रेशनवर तांदूळ-गहू मिळतो आणि मजुरी रोखीत मिळते, याचा त्यात मोठा वाटा असावा असे मला वाटते.

"बैल तर रोज खाते"

हा युक्तिवाद प्रत्येक गावात ऐकू येतो आणि तो चुकीच्या जनावरावर उभा आहे. बैल, गाय, म्हैस, शेळी यांच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातले जिवाणू चाऱ्यातल्या ओडॅपचे बरेचसे विघटन करतात. ते रक्तात पोहोचण्याआधीच मोडले जाते. माणसाला हा कप्पा नाही. घोड्यालाही नाही, आणि घोडा या बाबतीत सर्वांत नाजूक. जास्त लाखोळी खाल्लेल्या घोड्याचे मागचे पाय लुळे पडतात, घशाचे स्नायू ढिले पडून श्वास घेताना घरघर ऐकू येते. वरातीसाठी घोडी पाळणाऱ्यांनी तिला लाखोळीचा दाणा देऊच नये. घोडा आणि बैल एकाच गोठ्यात, एकाच गव्हाणीत खातात आणि एकाला होते, दुसऱ्याला होत नाही, हे लक्षात आले की बैलाचा दाखला माणसाला लावता येत नाही, हेही पटते.

रवंथ करणाऱ्या जनावरांसाठी मात्र लाखोळी खरोखर चांगला खुराक आहे. धानाच्या तणसात प्रथिने जेमतेम ३ ते ४ टक्के असतात, लाखोळीच्या कुटारात त्याच्या दुपटीहून अधिक. उन्हाळ्यात नुसत्या तणसावर ठेवलेली गाय दूध तोडते आणि माजावर येत नाही, हे आपण दरवर्षी पाहतो. तिथे तीन भाग तणसात एक भाग लाखोळीचे कुटार मिसळले तर तणसही जास्त खाल्ले जाते. कुटार चांगले मिळावे म्हणून पीक झाडावर वाळून पाला झडेपर्यंत थांबू नये. शेंगा पिवळट-करड्या झाल्या की सकाळी दहिवरात कापावे, दाणेही कमी सांडतात. ओले कुटार ढिगात ठेवले तर बुरशी धरते, असे कुटार गाभण जनावराला देऊ नये.

दाणा किंवा डाळीची चुरी द्यायची असेल तर भरडून, भिजवून किंवा शिजवून द्यावी. कच्च्या दाण्यात प्रथिनांचे पचन अडवणारे घटकही असतात. खुराकाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त चुरी नको. उरलेला खुराक धानाचा कोंडा आणि जवसाची किंवा तिळाची ढेप यांचा करावा. तिळाची ढेप इथे विशेष उपयोगी आहे, कारण लाखोळीत कमी असलेले मेथिओनिन तिच्यात चांगले असते. आणि सुरुवात मूठभरापासून करून आठ-दहा दिवसांत वाढवावी. पोटातले जिवाणू नव्या खुराकाला सरावायला तेवढे दिवस घेतातच. सवय नसलेल्या जनावरासमोर अचानक पाटीभर दाणा ठेवला तर त्रास होऊ शकतो.

परसातल्या कोंबड्यांच्या पिल्लांना कच्ची लाखोळी टाकू नये. ज्या प्राण्यावर हे विष सिद्ध झाले तोच हा.

वाण, आणि वाण टिकवण्याची खरी अडचण

जगभरातून गोळा केलेल्या लाखोळीच्या नमुन्यांत ओडॅप अजिबात नाही असे एकही झाड सापडलेले नाही. त्यामुळे पैदासकारांनी ते कमी करण्याचा मार्ग धरला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने पुसा-२४ या वाणाच्या पानाच्या तुकड्यांपासून ऊतिसंवर्धनाने रोपे वाढवली. त्यांतून निवडलेली बायो एल-२१२ ही ओळ रतन या नावाने १९९७ मध्ये प्रसारित झाली. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने प्रतीक आणि महातिवडा हे वाण दिले. तिन्हींत ओडॅप ०.१ टक्क्याच्या खाली नोंदले आहे. रायपूर आपल्याच रेल्वेमार्गावर, भंडारा रोड स्टेशनवरून काही तासांवर आहे आणि तिथली उतेऱ्याची शेती आपल्यासारखीच, म्हणून तिकडचे वाण इकडे चांगले बसतात. बियाण्याची चौकशी साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात करावी.

लाखोळीचा जनुकसंच माणसाच्या सुमारे दुप्पट मोठा आहे. ब्रिटनच्या जॉन इन्स सेंटरसह अनेक संस्थांच्या शास्त्रज्ञांनी त्याचा आराखडा २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. ओडॅप बनवण्याच्या शेवटच्या पायरीवर कोणती विकरे काम करतात, हेही आता कळले आहे. त्या पायरीवर जनुक बंद करता आले तर बिनविषारी लाखोळी मिळू शकेल. ते बी बांधीपर्यंत यायला वेळ आहे.

दरम्यान आपल्या हातातले बी बिघडते आहे, आणि त्याकडे कुणाचे लक्ष नाही. लाखोळी मुख्यतः स्वतःच्याच परागावर फळते, पण फुलांवर मधमाश्या येतात आणि काही टक्के संकर होतोच. शेजारच्या बांधीत जुनी लाखोळी असेल तर तिचा पराग आपल्या रतनवर पडतो. त्याहून मोठी गळती खळ्यावर होते. काही वर्षांपूर्वी आम्ही एका गावात सुधारित वाणाचे प्रात्यक्षिक घेतले होते. तिसऱ्या वर्षी गेलो तर शेतकरी अभिमानाने सांगत होते की अजून तेच बी चालू आहे. पोते उघडले तर तीन रंगांचे, दोन आकारांचे दाणे. एकच खळे, एकच ताडपत्री, आणि बांधीत आदल्या वर्षी सांडलेले जुने दाणे पुन्हा उगवलेले. नाव सुधारित वाणाचे, आत अर्धी गावची लाखोरी. चूक आमची होती. बी दिले आणि बी राखायचे कसे ते सांगितले नाही.

बियाण्यासाठी एक वेगळा तुकडा राखावा, जिथे मागची दोन वर्षे जुनी लाखोळी पेरलेली नव्हती. तो शेताच्या मध्ये घ्यावा म्हणजे सभोवती आपलाच सुधारित वाण राहील. फुलोऱ्यात एकदा फिरून वेगळ्या रंगाची, वेगळ्या ठेवणीची झाडे उपटावीत. त्या तुकड्याची कापणी आणि मळणी आधी व स्वतंत्र ताडपत्रीवर करावी. तीन वर्षांनी बी बदलावे. शक्य असेल तर पूर्ण शिवाराने एकच वाण घ्यावा, हा सर्वांत सोपा उपाय आणि प्रत्यक्षात सर्वांत कठीण. फुलाच्या किंवा दाण्याच्या रंगावरून ओडॅप किती हे ठरवता येत नाही. रंगावरून फक्त भेसळ ओळखू येते, प्रमाण प्रयोगशाळाच सांगते.

शेतात काय करावे

उतेऱ्यासाठी एकरी २५ ते ३० किलो बी लागते. रात्रभर भिजवून, सावलीत कोरडे करून, रायझोबियम चोळून फेकावे. त्या वेळी बांधीत पाणी साचलेले नसावे, पण माती हाताला चिकटेल इतकी ओल हवी. भिजवलेले बी उथळ पाण्यात पडले तर सडते.

ओडॅपच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या. पिकाला पाण्याचा ताण बसला की दाण्यातले ओडॅप वाढते, म्हणून त्याच वाणाचे प्रमाण एका गावात कमी आणि दुसऱ्या गावात जास्त येऊ शकते. हलक्या सिहार जमिनीत उतेरा घेऊ नये, तिथे जानेवारीतच ओल संपते. तळ्याच्या किंवा विहिरीच्या पाण्याची सोय असेल तर फुलोऱ्यात एक हलके पाणी द्यावे. दुसरे म्हणजे जस्त. लांबें यांच्या प्रयोगांत जस्त कमी आणि लोह जास्त मिळालेल्या झाडांत ओडॅप वाढल्याचे दिसले. आपल्या धानाच्या बांध्यांत जस्ताची कमतरता नेहमीची आहे, खैरा रोग त्याचीच खूण. धानाच्या चिखलणीवेळी एकरी १० किलो झिंक सल्फेट टाकले तर धानालाही फायदा आणि मागच्या लाखोळीलाही. त्याने जुना वाण सुधारित होत नाही, हे वेगळे सांगायला नको.

फुलोऱ्याच्या सुरुवातीला २ टक्के युरिया किंवा डीएपीची एक फवारणी उतेऱ्यात परवडते. मावा दिसला तर ५ टक्के निंबोळी अर्क, भुरी आली तर पाण्यात मिसळणारे गंधक १० लिटरला २५ ग्रॅम.

विकताना

१९६१ पासून केंद्राच्या अन्नभेसळ नियमांत अशी तरतूद होती की राज्य सरकार जाहीर करेल त्या तारखेपासून त्या राज्यात लाखोळी, तिची डाळ, पीठ आणि हरभऱ्याबरोबरचे मिश्रण विकता येणार नाही. २०११ च्या अन्न सुरक्षा नियमांतही ती आली. पेरायला बंदी नव्हती, विकायला होती. त्यामुळे शेतकरी पेरत राहिला आणि माल मिळेल त्या भावाला नाव न सांगता देत राहिला. नागपूरच्या अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंटचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी याविरुद्ध अनेक वर्षे लढा दिला, आणि २००८ मध्ये महाराष्ट्र शासनाने विक्रीबंदी उठवली. दुसऱ्या राज्यात माल पाठवायचा असेल तर तिथला नियम आधी विचारावा.

बंदीचा खरा लाभ भेसळ करणाऱ्यांना झाला, असे माझे मत आहे. लाखोळीची डाळ तुरीसारखी दिसते आणि पीठ बेसनात लपते. खाणाऱ्याला आपण ती खातो आहोत हेच कळत नाही, मग प्रमाण तो राखणार कसे? म्हणून माल लाखोळी म्हणूनच विकावा, सुधारित वाणाचा असेल तर तसे सांगून आणि वेगळ्या पोत्यात. मिश्रण विकणे आजही गुन्हाच आहे.

विस्तार कार्यकर्त्यांना बाजारात शंका आली तर आधी दाणा पाहावा. लाखोळीचा दाणा गोल नसतो, कोनदार असतो, एका बाजूने उतरता, पाचरीसारखा. पिसलेल्या डाळीत हे कळत नाही. तेव्हा थोडा नमुना सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात घालून उकळत्या पाण्याच्या भांड्यात पंधरा मिनिटे ठेवावा. गुलाबी रंग आला तर लाखोळी असल्याचा संशय धरावा आणि नमुना अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेकडे पाठवावा. आणि टंचाईच्या वर्षी गावात कुणाच्या पोटऱ्यांत गोळे येत असतील, सकाळी पाय ताठरत असतील, तर घरात रोज कोणती डाळ शिजते ते विचारावे, ती त्याच दिवशी थांबवायला सांगावे आणि त्या माणसाला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जावे.